आयकिडोची ग्रेडिंग आणि दोजोतल्या रीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयकिडो या जपानी युद्धकलेच्या ग्रेडिंगची, म्हणजे वरच्या पायरीसाठीच्या परीक्षेची, तारीख जाहीर झाली की त्याच रात्रीपासून ग्रुपवर प्रश्न यायला लागतात. दर वेळी तेच ते येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आयकिकाई संघटनेच्या, म्हणजे टोकियोच्या होम्बू (मुख्य) दोजोशी जोडलेल्या दोजोंना (सरावाच्या शाळांना) धरून आहेत. योशिनकान, शोदोकान किंवा की सोसायटी या दुसऱ्या शाखांकडे शिकत असाल तर क्यूंची (काळ्या बेल्टआधीच्या पायऱ्यांची) संख्या, तंत्रांची नावं, रेईची (वाकून नमस्काराची) पद्धत यांत फरक सापडेल. आणि तुमच्या सेन्सेईंनी (शिक्षकांनी) वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. आयकिडोत स्पर्धाच नसतात, मग परीक्षा कशाला?

स्पर्धा नसतात म्हणूनच. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांना सामने मान्य नव्हते आणि आयकिकाईने ती भूमिका सोडलेली नाही. (केंजी तोमिकी यांच्या शोदोकान शाखेत मात्र सामने होतात.) हार-जीत नसल्यामुळे आपण कुठवर आलो हे कळायला दुसरी सोय उरत नाही. रोजच्या वर्गात जोडीदार सांभाळून घेतो, चुकलं तर थांबून पुन्हा करता येतं. टेस्टमध्ये सगळे बघत असतात, दम लागलेला असतो आणि पुढचं नाव कोणतं येईल ते माहीत नसतं. तेव्हा शरीर काय करतं ते सेन्सेईंना बघायचं असतं.

२. क्यू आणि दान यांचा हिशोब कसा असतो?

क्यू उलट्या क्रमाने मोजतात: पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. त्यानंतर शोदान, म्हणजे पहिला दान, आणि तिथून पुढे आकडा चढत जातो. लहान मुलांसाठी बहुतेक ठिकाणी जास्त पायऱ्या आणि रंगीत बेल्ट असतात. मोठ्यांना अनेक दोजोंत शोदानपर्यंत पांढराच बेल्ट असतो, त्यामुळे ‘तुझा कुठला रंग?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तर नसतं. चौथ्या दानपर्यंत परीक्षा असते. पाचव्यापासून पुढचे दान शिफारशीने मिळतात आणि होम्बूत जानेवारीतल्या कागामी बिराकीच्या कार्यक्रमात जाहीर होतात.

३. किती महिन्यांनी टेस्टला बसता येतं?

महिने नाही, सरावाचे दिवस मोजतात. होम्बूच्या नियमांत पाचव्या क्यूसाठी किमान ३० दिवस, त्यानंतर चौथीसाठी ४०, तिसरीसाठी ५०, दुसरीसाठी ५०, पहिलीसाठी ६० आणि शोदानसाठी ७० दिवस लागतात. शिवाय शोदानला वय किमान १५ हवं. बेरीज केली तर ३०० दिवस. होम्बूत रोज वर्ग असतात, तिथे हे वर्ष-दीड वर्षात जमू शकतं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला वर्षाला जेमतेम १०० दिवस मिळतात, म्हणजे कागदावरच तीन वर्षं झाली. प्रत्यक्षात पाऊस, लग्नसराई, गणपती आणि ऑफिसची डेडलाइन धरून त्याहून बराच जास्त वेळ जातो. किमान आकडा ही पात्रतेची पहिली अट आहे, आमंत्रण नव्हे. बऱ्याच देशांतल्या संघटना यापेक्षा जास्त दिवस मागतात, तेव्हा आपल्या दोजोचा तक्ता बघा.

निदानला, म्हणजे दुसऱ्या दानला, शोदाननंतर किमान एक वर्ष आणि २०० दिवस लागतात, आणि एक छोटा निबंधही लिहून द्यावा लागतो.

४. दिवस भरले. ‘मला बसू द्या’ असं सेन्सेईंना म्हणू का?

काही दोजोंत फॉर्म स्वतःच भरायचा असतो, तिथे प्रश्नच नाही. जिथे सेन्सेई नावं काढतात तिथे ‘मी कधी बसू?’ यापेक्षा ‘चौथ्या क्यूसाठी माझं कुठे कमी पडतंय?’ असं विचारा. उत्तरात तारीखही येते आणि कामही मिळतं. व्हॉट्सॲपवर विचारू नका. वर्ग संपल्यावर, मॅट पुसून झाल्यावर समोर जाऊन विचारा.

५. पाचव्या क्यूला काय काय विचारतात?

यादी दोजोनुसार थोडी बदलते. पण शोमेनउची इक्क्यो, शोमेनउची इरिमिनागे, कातातेदोरी शिहोनागे आणि सुवारीवाझा (बसून करायचं) कोक्यूहो साधारण सगळीकडे असतात. बऱ्याच ठिकाणी र्योतेदोरी तेंचिनागेही असतं. म्हणजे मोजकीच तंत्रं, पण प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून, आणि जिथे लागू आहे तिथे ओमोते (उकेच्या पुढून) व उरा (मागून) दोन्ही. उके म्हणजे हल्ला करून तंत्र अंगावर घेणारा जोडीदार.

वर जाताना आधी बसून करायची तंत्रं आणि हानमी हानदाची (तुम्ही बसलेले, उके उभा) वाढत जातात. निदानला सुरीचा हल्ला आणि दोन उके एकदम येतात. सानदानला (तिसऱ्या दानला) तलवार, ‘जो’ (काठी) आणि अनेक उके.

६. जपानी नावं डोक्यात राहत नाहीत. काही युक्ती?

अख्खं नाव पाठ करू नका. आधी हल्ला, मग तंत्र, मग दिशा, या क्रमानेच नाव येतं. हल्ले आठ-दहा, तंत्रंही तेवढीच. दोन वेगळ्या याद्या केल्या की ओझं एकदम हलकं होतं. परीक्षकाच्या तोंडून हल्ल्याचं नाव निघालं की तुमचे पाय जागेवर यायला हवेत. तंत्राचं नाव ऐकेपर्यंत तेवढा वेळ मिळतो. घरी कुणाला तरी यादी हातात देऊन उलटसुलट क्रमाने नावं वाचायला सांगा आणि प्रत्येक नावाला फक्त पहिलं पाऊल टाका. क्रमाने पाठ केलेली यादी परीक्षेत दगा देते, कारण परीक्षक तिसरं नाव आधी घेतो.

हमखास घोटाळा होतो तो कातातेदोरी (मनगट पकडणं) आणि कातादोरी (खांद्याजवळ गी, म्हणजे सरावाचा पोशाख, पकडणं) यांत. दुसरा घोटाळा निक्यो आणि निक्यू यांचा: पहिलं मनगटाचं तंत्र, दुसरी क्यू. उकेने भलतंच पकडलं तर त्याला हळूच सांगा, त्यात कमीपणा नाही.

७. शेवटच्या महिन्यात तयारी कशी करावी?

नवीन काही शिकू नका. यूट्यूबवरचं कुणा शिहानचं (ज्येष्ठ शिक्षकाचं) शिहोनागे बघून आपलं बदलायला जाल तर दोन्ही बिघडतील.

जोडीदार ठरवा आणि वर्गानंतर पंधरा मिनिटं थांबायची परवानगी आधी घ्या. सुरुवात डाव्या बाजूपासून करा, कारण उजवी आपोआप होते. उरा जास्त वेळा करा. शिक्कोने (गुडघ्यांवर चालत) मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज दोन फेऱ्या मारा, नाहीतर सुवारीवाझाच्या चौथ्या तंत्राला मांड्या जवाब देतात. आठवड्यातून एकदा पूर्ण टेस्ट न थांबता काढा. दम कुठे संपतो ते कळलं की तिथे वेग कमी करता येतो.

तंत्र तपासायचं तर एकेकच गोष्ट बघा. शिहोनागेचंच घ्या. वळताना उकेचा हात तुमच्या कपाळासमोर असला पाहिजे. तो डोक्यामागे गेला की कंबर मागे कलते आणि उकेने नुसतं ओढलं तरी तुम्ही पडाल. वळून झाल्यावर हात उकेच्या स्वतःच्या खांद्यामागे खाली जातो, बाहेरच्या बाजूला नाही. बाहेर गेला की त्याच्या कोपरावर आणि खांद्यावर ताण येतो, आणि परीक्षकाचे डोळे नेमके तिथेच असतात. जोडीदाराला सांगा, आज फक्त हात कुठे जातोय तेवढंच बघ.

शेवटचे दोन दिवस उकेमी (पडण्याचा सराव) कमी करा, नीट झोपा आणि हातापायाची नखं कापा.

८. नाव पुकारल्यापासून काय करायचं?

‘हाय!’ (जपानीत ‘हो’) असं मोठ्याने म्हणा. बरेच जण इथेच पुटपुटतात. मॅटच्या मध्यावर या, सेइझात (गुडघे दुमडून टाचांवर) बसा, आधी शोमेनला (दोजोच्या मुख्य भिंतीला) रेई, मग परीक्षकाला, मग एकमेकांना ‘ओनेगाइ शिमासु’. परीक्षक नाव घेईल. ते संपूर्ण ऐका, मगच हला. पुढचं नाव येईपर्यंत किंवा थांबायला सांगेपर्यंत तेच तंत्र आळीपाळीने दोन्ही बाजूंनी करत राहा. बहुधा उजवी-डावी ओमोते, मग उजवी-डावी उरा. संपल्यावर गी नीट करा आणि उलट क्रमाने रेई करा: आधी उकेला, मग परीक्षकाला, मग शोमेनला. उठून घाईघाईने पळू नका. तुम्ही जागेवर परत जाऊन बसेपर्यंत टेस्ट चालू आहे असं समजा.

९. मध्येच सगळं विसरलं तर?

नाव ऐकू आलं नसेल तर ‘पुन्हा सांगाल का?’ असं स्पष्ट विचारा. आठवतच नसेल तर हल्ल्याला नीट हला, रेषेतून बाहेर या, तोल घ्या. पुढचं पुष्कळदा हात स्वतःच सापडवतात. चुकीचं तंत्र झालं तर मान हलवणं, हसणं, ‘सॉरी सॉरी’ म्हणणं टाळा. पूर्ण करा, परीक्षक तेच नाव पुन्हा घेईल. परीक्षकाला चुकीच्या तंत्रापेक्षा अर्धवट सोडलेलं तंत्र जास्त खटकतं.

१०. परीक्षक नक्की बघतात तरी काय?

खालच्या क्यूंना: पाठ ताठ आहे का, पायांची ठेवण बरोबर आहे का, ओमोते-उरा कळतं का, उकेमी सुरक्षित आहे का. वर गेल्यावर: अंतर, उकेचा तोल खरोखर गेला की तो सौजन्याने पडला, आणि फेकल्यानंतर तुमचं लक्ष त्याच्यावर टिकतं का. जोर कुणी मोजत नाही. धापा टाकत, दात-ओठ खात केलेलं इरिमिनागे लांबूनही ओळखू येतं. गीची गाठ, बसण्याची पद्धत, उकेशी वागणं यांचे वेगळे गुण नसतात, पण परीक्षक तंत्राकडे त्याच नजरेने बघायला लागतो.

११. मला टेस्ट नाही, फक्त उके म्हणून बोलावलंय. माझं काम काय?

प्रामाणिक हल्ला करणं. शोमेनउची म्हणजे खरोखर कपाळावर येणारा हात, शेजारून जाणारा नाही. अडवू नका आणि मदतही करू नका. तंत्र लागायच्या आधीच पडणारा उके मित्राचं नुकसानच करतो, कारण परीक्षकाला ते दिसतं. पडलात की लगेच उठून पुढचा हल्ला द्या. कानात उत्तरं सांगू नका. आणि थकलात तर सांगा, उके बदलता येतो.

१२. फोटोला वाकणं म्हणजे पूजा आहे का? आमच्या धर्मात हे चालत नाही.

हा प्रश्न मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांतून येतो, हल्ली काही नास्तिकांकडूनही. शोमेनला बहुधा मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांचा फोटो किंवा सुलेखन असतं. ते स्वतः ओमोतो पंथाचे अनुयायी होते आणि इवामाला त्यांनी आयकी मंदिर उभारलं. काही दोजोंत, विशेषतः इवामाच्या परंपरेत, रेईबरोबर टाळ्याही वाजवतात. पण दोजोतली रेई ही कुठल्या देवाची उपासना म्हणून शिकवली जात नाही. ज्यांनी ही विद्या दिली त्यांच्याप्रती आदर, इतकंच. तरी मनाला पटत नसेल तर पहिल्याच दिवशी सेन्सेईंशी एकट्याने बोला. उभ्याने मान लववणं किंवा त्या क्षणी शांत बसणं असा मार्ग निघतो. न बोलता ऐन टेस्टच्या दिवशी रेई टाळली तर तो उद्धटपणा वाटेल.

१३. सेन्सेईंच्या पाया पडावं का?

मॅटवर नाही. तिथे रेई आहे आणि ती दोन्हीकडून होते: तुम्ही वाकता तेव्हा सेन्सेईही वाकतात. जपानी शिहान आलेले असताना एखाद्याने अचानक पायांकडे हात नेला की ते दचकून मागे सरकतात. गुरुपौर्णिमेला, गी बदलून झाल्यावर, आपल्या मराठी सेन्सेईंना नमस्कार करायचा असेल तर तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न.

१४. ‘ओस!’ म्हणायचं का?

महाराष्ट्रात कराटेचे वर्ग गल्लोगल्ली असल्याने ही सवय घेऊन बरेच जण येतात. आयकिडोत ती रीत नाही. ‘हाय’ म्हणा, सुरुवातीला ‘ओनेगाइ शिमासु’ आणि शेवटी ‘दोमो आरिगातो गोझाइमाशिता’.

१५. मंगळसूत्र, जोडवी, कडं, जानवं, हातातला धागा: काय काढायचं?

धातूचं सगळं. मंगळसूत्रात जोडीदाराचं बोट अडकलं तर वाटी तुटते, मानेला कापतं आणि बोटही मुरगळतं. जोडवी त्याहून वाईट: शिक्को करताना आणि पाय वळवताना ती मॅटच्या शिवणीत अडकतात. अंगठी निघतच नसेल तर वरून चिकटपट्टी गुंडाळा. कडं काढता येत नसेल तर ते कोपराकडे सरकवून मनगटपट्ट्याखाली झाका आणि जोडीदाराला आधी सांगा. जानवं गीच्या आत राहतं, त्याला हरकत नाही. सुती धागा कुणी काढायला लावत नाही, पण वर्षभर जुना झालेला, घामट वासाचा धागा सगळ्यांच्या नाकाशी येतो हे लक्षात असू द्या.

१६. गीचे नियम काय? पावसाळ्यात वाळतच नाही!

डावी बाजू उजवीच्या वर. उलटी घालू नका: जपानमध्ये मृताला तशी नेसवतात आणि परीक्षकाला ते पटकन खटकतं. गी सुटली तर जोडीदाराकडे आणि शोमेनकडे पाठ करून, बाजूला वळून नीट करा. मुलींनी आत साधा पांढरा टी-शर्ट घालावा.

जुलैत जाड गी दोन दिवसांतही सुकत नाही आणि तिला येणारा कुबट वास टेस्टच्या दिवशी सगळ्या दोजोभर फिरतो. दोन गी ठेवा, त्यातली एक पातळ. मशीनमधून दोनदा पिळून पंख्याखाली उलटी पसरा. ओली गी पिशवीत कोंबून रात्रभर विसरलात तर काळे डाग पडतात, ते जात नाहीत.

१७. हाकामा (गीवरचा घोळदार पायघोळ) कधी घालायचा?

पूर्वी सगळेच घालत. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडाची टंचाई झाली आणि नवशिक्यांना सूट मिळाली. पुढे ती सूटच रूढ झाली. आता बहुतेक ठिकाणी शोदाननंतर, काही ठिकाणी स्त्रियांना तिसऱ्या क्यूपासून. शोदान टेस्टला घालायचा की निकालानंतर, हे दोजोप्रमाणे ठरतं. पहिल्यांदा घालून थेट टेस्ट देऊ नका. शिक्कोत स्वतःच्याच कापडावर गुडघा येतो.

१८. उशीर झाला किंवा मध्येच बाहेर जायचं असेल तर?

उशीर झाला तर मॅटच्या कडेला सेइझात बसा, सेन्सेईंची खूण झाली की शोमेनला रेई करून आत या. वॉर्म-अप चुकला असेल तर स्वतः करून घ्या. बाहेर जाताना सेन्सेईंना सांगा, कारण चक्कर येऊन कुणी बाथरूममध्ये पडलं तर ते कळायला हवं. टेस्टला उशीर झाला तर मात्र बसू देतीलच असं नाही.

१९. गुडघे दुखतात. सेइझा आणि सुवारीवाझा टाळता येईल?

हो. टेस्टच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी सांगा. बसायला मांडी चालते, सुवारीवाझाऐवजी तीच तंत्रं उभ्याने विचारतात. जुनी दुखापत असेल तर कुठल्या हाताचा निक्यो नको हे उकेला आणि परीक्षकाला दोघांनाही सांगून ठेवा. पाय कधीही शोमेनकडे पसरू नका. पेटका आला तर बाजूला वळून पसरा.

२०. पाळीच्या दिवसांत मॅटवर यायचं का?

दोजोत विटाळ वगैरे काही नसतो. रेई, शोमेन, टेस्ट सगळं नेहमीसारखं. पांढऱ्या पँटची धास्ती असेल तर आत गडद सायकलिंग शॉर्ट्स घाला. पोटात दुखत असेल तर बसून बघा, किंवा टेस्ट पुढच्या वेळी द्या. कारण सांगावं लागत नाही.

२१. माझ्याकडे कराटेचा ब्लॅक बेल्ट आहे. आणि नवऱ्याने दुसऱ्या आयकिडो संघटनेत तिसरी क्यू केली आहे. आम्ही काय घालायचं?

तुम्ही पांढरा. कराटेचा दान इथे मोजला जात नाही, पण शरीराची सवय मोजली जाते. कदाचित दिवस तेवढेच लागतील, टेस्ट सोपी जाईल. त्यांनी आधी सेन्सेईंना भेटून प्रमाणपत्र दाखवावं. आयकिकाईच्याच दुसऱ्या दोजोतून आले असतील तर क्यू सहसा तशीच राहते. वेगळ्या शाखेतून असतील तर सेन्सेई काही महिने बघून ठरवतात. तोवर पांढरा बेल्ट बांधणं शिष्टाचाराला धरून आहे. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे वाक्य मात्र बॅगेतच राहू द्यावं.

२२. फी कशाकशाची असते?

परीक्षेची वेगळी आणि नोंदणीची वेगळी. क्यूचं प्रमाणपत्र तुमचा दोजो किंवा संघटना देते. दानची नोंद टोकियोला होते, प्रमाणपत्र दोशूंच्या (आयकिकाईच्या प्रमुखांच्या) नावाने येतं (१९९९ पासून मोरितेरू उएशिबा), आणि ते यायला काही महिने लागू शकतात. दानची नोंदणी फी क्यूपेक्षा बरीच जास्त असते, तेव्हा आकडा आधी विचारून ठेवा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

२३. नापास करतात का?

करतात, पण क्वचित, कारण तयार नसलेल्याला सेन्सेई बसवतच नाहीत (प्रश्न ४). कधी ‘अमुक तंत्र महिनाभराने पुन्हा दाखव’ असं होतं. निकालावर मॅटवर वाद घालू नका. पास झालात तर पेढे जरूर आणा, पण मॅटबाहेर वाटा आणि उकेला दोन द्या.

२४. एक सीनियर मुद्दाम जोर लावतो, मनगट दुखेपर्यंत. सीनियरला बोलणं रीतीला धरून आहे का?

टॅप केल्यावर (हाताने थोपटून थांबण्याची खूण केल्यावर) सोडलं पाहिजे, हा नियम बेल्ट बघत नाही. पहिल्यांदा टॅप करा आणि ‘जरा हळू’ म्हणा. फरक पडला नाही तर रेई करून जोडी सोडा आणि वर्गानंतर सेन्सेईंना सांगा. स्पर्शाबद्दल अस्वस्थ वाटत असेल तर वर्ग संपेपर्यंतही थांबू नका, तिथल्या तिथे मॅट सोडा. मॅट सोडताना सेन्सेईंना सांगायची रीत (प्रश्न १८) अशा वेळी आड येत नाही. आणि सेन्सेई ऐकून घेत नसतील तर दोजो बदला.

२५. कामासाठी टोकियोला जातोय. होम्बूत सराव करता येईल? टेस्ट देता येईल?

सराव नक्की. शिंजुकूतल्या वाकामात्सुचोला दोजो आहे आणि दिवसाचा पहिला वर्ग सकाळी साडेसहाला असतो. आधी कार्यालयात नावनोंदणी करा, सदस्यत्वाचं कार्ड असेल तर सोबत न्या आणि आपल्या सेन्सेईंना सांगून जा. तिथे साधारणपणे पूर्ण वर्गभर एकच जोडीदार असतो, त्यामुळे शेजारी बसलेल्याला सुरुवातीलाच रेई करून जोडी पक्की करा. टेस्ट मात्र आपल्याच दोजोत द्या. वर्ष-दोन वर्षं तिथे राहणार असाल आणि होम्बूचेच सदस्य झालात तर गोष्ट वेगळी. तेव्हाही इथल्या सेन्सेईंना आधी कळवा, आणि इथली क्यूची प्रमाणपत्रं घरी कपाटात न ठेवता सोबत घेऊन जा.